‘बोम्मा’ लिहू नका

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, आदिलाबाद शहरातल्या एका पोलीस ठाण्यात दुर्मीळ विग्रहाच्या अफरातफरीचा गुन्हा नोंदवला गेला. विग्रह प्लास्टिकचा होता. उंची फूटभर. परदेशी चित्रपटातला एक अतिमानवी वीर, अंगावर घट्ट पोशाख, खांद्यांवरून पाठीवर सोडलेले लाल कापड आणि उजव्या हातात भाला. ही घटना मला अजून आठवते. ऐकणारे हसतात. मला अजूनही चीड येते.

त्या वेळी मी तिथे सर्कल इन्स्पेक्टर होतो. गुन्हा माझ्या उपनिरीक्षकाने नोंदवला. मी कोर्टातून परत आलो तेव्हा कागद तयार होता आणि त्यावर सही-शिक्का झालेला होता.

तक्रारदार बँकेत अधिकारी. घर मराठी, तीन पिढ्या आदिलाबादेत. तेलुगू चांगले बोलत असे, पण शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे तेलुगू वाचायचा कंटाळा. त्याला अशा चित्रपटांतल्या वीरांच्या प्रतिकृती जमवण्याचा नाद होता. त्यातली सर्वांत मौल्यवान प्रतिकृती, कंपनीने मोजकेच नग काढून साचा मोडलेली, त्याने एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिली होती. तिचा पाय कमरेच्या सांध्यात ढिला झाला होता. दुकानदाराने पाय बसवून परत दिली. घरी नेऊन उजेडात पाहिल्यावर तक्रारदाराच्या लक्षात आले की ही आपली वस्तू नव्हेच. अस्सल नग काढून घेऊन दुकानदाराने नकली गळ्यात मारला, अशी तक्रार.

ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या शिपायाला आम्ही रायटर म्हणतो. त्याने सरळ तेलुगूत ‘बोम्मा’ असे लिहायला घेतले. बोम्मा म्हणजे बाहुली, खेळणे. तक्रारदाराने त्याचा हात धरला.

“बोम्मा लिहू नका. खेळणं नाहीये ते. स्टॅच्यू आहे. कलेक्टिबल.”

“स्टॅच्यू म्हणजे विग्रहम्,” रायटर म्हणाला.

“चालेल. आणि दुर्मीळ आहे ते पण टाका.”

तेलुगूत पुतळ्यालाही विग्रहम् म्हणतात आणि देवळातल्या मूर्तीलाही. प्रथम खबरी अहवालात ‘अरुदैन विग्रहम्’ असे नोंदले गेले, म्हणजे दुर्मीळ मूर्ती. तक्रारदाराने न वाचता सही केली.

संध्याकाळपर्यंत हे शब्द गावभर झाले. एका वार्ताहराने मोबाइलवर बातमी फिरवली. कुठल्या देवळातली मूर्ती गेली हे विचारायला दोन देवस्थानांची मंडळी ठाण्याच्या आवारात येऊन बसली. पैनगंगेच्या पुलावर महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या थांबवून डिक्क्या उघडल्या जात असल्याचे मला पलीकडच्या पोलिसांच्या फोनवरून कळले. तो आदेश कोणी दिला, हे शेवटपर्यंत निष्पन्न झाले नाही. मी आवारात जाऊन सांगितले की मूर्ती कुठल्याही देवळातली नाही, प्लास्टिकची आहे. त्यावर एका वयस्कर विश्वस्तांनी विचारले, “पिलास्टिकची झाली म्हणून काय झालं सायेब? प्राणप्रतिष्ठा झाली होती का नाई, ते सांगा.”

मी त्यांना चहा पाजून घरी पाठवले.

दुकानदाराला नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी बोलावले. भीमपूर मंडलातल्या एका खेड्यातला तरुण, घरचा भाजीचा मळा. शहरात भाड्याच्या गाळ्यात मोबाइल, घड्याळे, इस्त्र्या, जे हाताला लागेल ते दुरुस्त करी. प्रतिकृती त्याच्यापुढे टेबलावर उभी होती. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिले.

“हेच दिलं होतं का तुला?”

“हेच, सायेब. पायात पिन टाकली अन् देल्ला. मले तं तो कोन हाये ते बी माईत नाई.”

“बदलला नाहीस?”

“काऊन बदलू? दुसरा आनू कोठून?”

“ऑनलाइन मिळतात नकली.”

 तो म्हणाला, “सायेब, मी पोलीस भरतीत पास झालो. लिस्टीत नाव हाये. व्हेरिफिकेशन याच ठान्यातून जाते. केस लागली तं माही नोकरी गेली.”

उपनिरीक्षकाने माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. बाहेर आल्यावर त्याने तेलुगूत आपले मत सांगितले, “सार, वस्तूबद्दल बोलतच नाही. सारखा नोकरीचंच बोलतो. घाबरलाय. यानेच केलंय.”

माझा अनुभव नेमका उलट होता. चोरी केलेला माणूस वस्तूबद्दल फार बोलतो. ती कशी होती, कुठे ठेवली होती, कोण कोण आले होते, हे सगळे तो न विचारता सांगतो. ज्याने काही केलेले नाही त्याला सांगण्यासारखे काही नसते. पण अनुभव हा पुरावा होत नाही. गुन्हा नोंदला गेला होता आणि उमेदवाराच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडला होता. त्यावर खरे तेच लिहावे लागणार होते : तपास चालू आहे. भरतीच्या याद्यांत ‘तपास चालू’ असलेल्या उमेदवाराची वाट कोणी पाहत नाही.

म्हणजे तपासाचा मुद्दा एकच होता. टेबलावर उभा असलेला हा वीर खरा की खोटा?

शिक्के पारखणे, नोटा पारखणे, दारू पारखणे, हे आम्हाला शिकवलेले असते. बाहुल्या पारखणे नाही. मी वस्तू न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवण्याचे पत्र तयार केले. उत्तर तत्परतेने आले : तुलनेसाठी त्याच मालाचा दुसरा अस्सल नग सोबत जोडावा. तक्रारदाराकडे दुसरा नग मागितला. 

“साहेब, दुसरा मिळत असता तर मी इथे कशाला आलो असतो?”

पांढरकवड्याच्या एका खेळण्यांच्या ठोक व्यापाऱ्याला बोलावून घेतले. त्याने वस्तू हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, भाला ओढून पाहिला आणि म्हणाला, “माल भारी हाये सायेब. कितीले पडला?” किंमत ऐकल्यावर त्याने वस्तू टेबलावर ठेवली आणि हात पुसले. यापुढे त्याचे मत नोंदवण्यासारखे काही नव्हते.

शेवटी तक्रारदारानेच एक नाव सुचवले. हैदराबादेतला सॉफ्टवेअर अभियंता, असाच छांदिष्ट, आणि नकली माल उघडकीस आणण्याबद्दल त्यांच्या वर्तुळात प्रसिद्ध. तक्रारदाराने सुचवलेला जाणकार म्हणून मी आधी नाही म्हणालो. दुसरा कोणी मिळेना, तेव्हा दोन पंचांसमोर व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल उपनिरीक्षकाच्या हातात, भिंग माझ्या हातात.

“सर, पहले पैर का तलवा दिखाइए.”

तळवा दाखवला. कंपनीचे कोरलेले अक्षर ठसठशीत होते. तो म्हणाला, नकली मालात साचा अस्सल नगावरूनच काढतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट येतात. या कडा धारदार आहेत. मग मानेची बाजू. दोन साच्यांची सांधरेषा दिसते का? दिसत नव्हती. मग कपाळ आणि केस यांच्या मधली रंगाची रेघ. मग डोळे. भिंगाखाली नकली डोळ्याचे बुबुळ ठिपक्याठिपक्यांचे दिसते, हे सलग होते. मग कमरपट्ट्याची बकल, ती धातूची निघाली. मग पाठीवरच्या कापडाचे टाके. तो आदेश देत होता आणि उपनिरीक्षक एका पोलीस ठाण्याच्या टेबलावर त्या वीराला कधी पालथा, कधी उताणा करत होता. दारातल्या पहारेकऱ्याने तोंड फिरवून घेतले होते.

“सर, थोड़ा टिल्ट कीजिए. अब चेहरे पर लाइट. अरे, ये चमक क्यों रहा है?”

“काय झालं?”

“ओरिजिनल मैट फिनिश है सर. ये तो तेल जैसा चमक रहा है. और कपड़ा भी फीका है. जोड़ हिलाइए. आवाज़ आई? नहीं आनी चाहिए.”

“म्हणजे नकली?”

“नहीं सर. बनावट असली है. फिनिश नकली है.”

“एकाच वेळी दोन्ही कसं असेल?”

“वही तो, सर,” तो अतिशय आनंदाने म्हणाला. “ऐसा पीस मैंने कभी नहीं देखा.”

मी पंचनाम्यात काय लिहावे, हे त्याने सांगितले नाही.

उपनिरीक्षकाला मात्र यातून नवा सिद्धांत मिळाला. दुकानदाराने सबंध वस्तू बदलली नसेल; धड तेच ठेवून कापड बदलले, वरचा रंग खरवडून नवा दिला. दुकानदाराला पुन्हा बोलावले. या वेळी त्याच्याबरोबर त्याचे वडील आले, मळ्यातून थेट, पायाला माती. ते बाकावर बसले नाहीत. बसा म्हटले तर म्हणाले, “नाई सायेब, आमी बरे हावो.” दुकानदाराला रंग कुठून आणला असे विचारले, तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

“सायेब, मी याले रंग कायले देऊ? माह्या दुकानाले रंग द्याले मले फुरसत नाई!”

त्याच्या गाळ्याची झडती घेतली. सोल्डरिंगची तार, चार्जर, फुटके स्क्रीन, उघडलेला एक मिक्सर. रंग नाही, कापड नाही, दुसरी बाहुली नाही. त्याचा मोबाइल तपासला. काही मागवल्याची, कोणाला काही विकल्याची नोंद नाही. त्याच गल्लीतल्या दोन गिऱ्हाइकांनी तेवढ्यात आपली दुरुस्तीला दिलेली यंत्रे परत मागून नेली. मूर्तीचोराकडे वस्तू ठेवायला लोक तयार नव्हते.

दरम्यान उपनिरीक्षकाने तक्रारदाराच्या घरच्यांचे जबाब घेतले होते. घरात तक्रारदार, त्याची बायको आणि वृद्ध आई. आईचा जबाब ओळभर होता : बोम्मेला मी किंवा घरातल्या कोणीही हात लावलेला नाही. तक्रारदाराने पुष्टी दिली. प्रतिकृती काचेच्या कपाटात असते, तो स्वतःही हातमोजे घालूनच उचलतो. पाय ढिला झाल्याचे त्याला बँकेच्या प्रशिक्षणाहून परतल्यावर कळले. तेव्हा पाहिले ते फक्त पायाकडे. खोक्यात घालून तशीच दुकानात नेली.

मुद्देमाल मालखान्यात ठेवण्यापूर्वी त्याचे तपशीलवार वर्णन लिहायचे असते. हे काम रायटरचे, पण या प्रकरणात रायटरच्या शब्दांवर माझा विश्वास उरला नव्हता. वर्णन मी स्वतः लिहायला घेतले. भिंग लावून डोक्यापासून खाली येत होतो. भाला धरलेल्या हाताचे कोपर वाकवले, तेव्हा सांध्याच्या खाचेत काहीतरी अडकलेले दिसले. टाचणीने काढले. तांदळाच्या दाण्याचा तुकडा होता. एका बाजूने लालसर.

ज्याने पोलीस खात्यात नोकरी केली आहे त्याला हा दाणा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दसऱ्याला प्रत्येक ठाण्यात शस्त्रांची पूजा होते. रायफली सतरंजीवर मांडतात, हळद-कुंकू वाहतात, अक्षता टाकतात. पुढचे पंधरा दिवस शस्त्रागाराचा हवालदार बोल्टमधून तांदूळ काढत सगळ्यांच्या नावाने शिव्या घालत असतो. मी वीराचे कपाळ पुन्हा भिंगाखाली धरले. भुवयांच्या मध्ये पुसट तांबडा डाग होता. नाकाजवळ नेले. खोबरेल तेल.

उपनिरीक्षकाला घेऊन मी तक्रारदाराच्या घरी गेलो. तो कामावरून येतच होता. आई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी मराठीत विचारले.

“माय, औंदा खंडेनवमीले हत्यारांची पूजा कोणी केली?”

“मीच केली. पोरगा हैदराबादले होता, ट्रेनिंगले. सून ऑफिसात.”

“काय काय मांडलं होतं?”

“काय मांडनार? विळा, अडकित्ता, सुरी, पोराच्या गाडीची चाबी, सुनेचा लॅपटॉप. अन् तो देव.”

“कोणता देव?”

“कपाटातला. भालेवाला.”

तक्रारदार दारातच थांबला होता. “आई, तो देव नाहीये!”

“मंग काय हाये?” तिने वात खाली ठेवली. “काचेत ठेवते. चपला घालून जवळ जाऊ देत नाई. बायकोले हात लावू देत नाई. सोताच्या हातात पांढरे मोजे घालते अन् मंग उचलते. मी तं बापा देवालेबी येवढं सोवळं पाळलं नाई. अन् हातात हत्यार. दसऱ्याले हत्याराले पूजू नाई तं कवा पूजू?”

“माय, त्याला पाण्यानं धुतलं का?”

“धुतलं. धूळ बसली होती. कापड साबनानं धुतलं, वाळवलं उन्हात. आंग कोरडं पडलं होतं, मंग तेल लावलं. कसा चमकत होता!”

“आणि पाय?”

“पायाचं काय?”

“पाय कसा ढिला झाला?”

ती जराशी ओशाळली. “उभ्यानं पूजा घेते का घरातला देव? पाटावर बसवलं. मांडी घालत नवता. जरा दाबलं. जरासा आवाज झाला, बाकी काई नाई.”

तक्रारदार उंबऱ्यावर खाली बसला.

मी विचारले, “माय, आमचे हे साहेब आले होते ना विचारायला. त्यांना का नाही सांगितलं?”

“त्यायनं बोम्मेचं विचारलं,” ती म्हणाली. “बोम्मेले कोनी हात लावला का म्हने. म्हटलं, नाई लावला. आमच्या घरात बोम्मा हायेच कोठी? लेकरं मोठी झाली. बोम्मा देऊन टाकल्या मी कवाच्या.” मग मुलाकडे पाहून, “अन् तू काऊन तोंड पाडून राह्यला? चोर सापडला का नाई?”

उपनिरीक्षकाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने प्रश्न बरोबर विचारला होता, बाईने उत्तर खरे दिले होते, आणि जबाब कायद्याप्रमाणे नोंदला होता. फक्त तिच्या लेखी ती वस्तू ‘बोम्मा’ नव्हतीच, देव होती. तक्रारदाराने ठाण्यात तो शब्द लिहू दिला नाही, त्यामुळे गावाला ती मूर्ती वाटली. उपनिरीक्षकाने घरी नेमका तोच शब्द वापरला, त्यामुळे आईला ती वस्तू आठवलीच नाही.

तिचा जबाब पुन्हा घेतला. या वेळी मराठीत, तिच्याच शब्दांत. हैदराबादच्या जाणकाराला फोन करून तेल, साबण, ऊन, हे सांगितले. “हाँ सर, तब तो सब मैच होता है,” तो म्हणाला आणि पुढे विचारले, “साबुन कौन सा था?” मी फोन ठेवला.

तक्रारदार दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला. तक्रार मागे घेतो म्हणाला. मी त्याला समजावले की नोंदलेला गुन्हा बाजारातून आणलेल्या भाजीसारखा परत करता येत नाही. तपासाचा अंतिम अहवाल कोर्टात जाईल, कोर्ट तो स्वीकारेल, मग प्रकरण संपेल. तो बराच वेळ घुटमळला. मला वाटले, दुकानदाराची माफी मागायची म्हणून शब्द शोधत असेल.

“साहेब, एक विचारू? ते तेल त्या दुकानदाराला काढता येईल का?”

मी त्याला सांगितले की ते त्याने दुकानदारालाच जाऊन विचारावे. तो गेल्याची माहिती माझ्याकडे नाही.

अंतिम अहवाल ‘मिस्टेक ऑफ फॅक्ट’ या सदराखाली गेला, म्हणजे गुन्हा घडलाच नाही, समजुतीची चूक. दुकानदाराला ही बातमी द्यायला मी स्वतः त्याच्या गाळ्यावर गेलो. तो एका इस्त्रीची वायर जोडत होता. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मंग व्हेरिफिकेशन?” भरती मंडळाला मी पत्र पाठवले. मंडळाचे उत्तर आले की उमेदवाराचे नाव विग्रहाशी संबंधित गुन्ह्यात असल्याने खुलासा हवा. मी खुलासा पाठवला : विग्रह म्हणजे खेळणे. मंडळाने विचारले, खेळणे असेल तर अहवालात विग्रहम् का लिहिले? मी लिहिले, तक्रारदाराच्या आग्रहामुळे. मंडळाने कळवले की मग अहवालातला शब्द दुरुस्त करून पाठवावा. प्रथम खबरी अहवालात एकदा लिहिलेला शब्द कोणालाच बदलता येत नाही. मला नाही, उपनिरीक्षकाला नाही, रायटरला नाही. ते मी सविस्तर लिहून कळवले. या पत्रव्यवहारात त्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू होऊन गेले.

या प्रकरणानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक गोष्ट सांगत आलो. वस्तूबद्दल साक्षीदाराला विचारायचे असेल, तर त्याच्या घरात त्या वस्तूला काय म्हणतात ते आधी विचारा. बहुतेकांनी मान डोलावली. आचरणात आणणारे मी फारसे पाहिले नाहीत.

कोर्टाने अंतिम अहवाल स्वीकारला. मंडळाने उमेदवाराचा दावा मान्य केला आणि तो पुढच्या तुकडीबरोबर प्रशिक्षणाला रुजू झाला. त्याच्या पडताळणीच्या कागदावर शेरा आहे : विग्रहाच्या गुन्ह्यात नाव, तपासात निर्दोष. आज तो जिल्ह्यातल्याच एका ठाण्यात शिपाई आहे. मागच्या जत्रेला त्या ठाण्याचे बाकी सगळे शिपाई देवळाच्या बंदोबस्तावर होते. त्याला एकट्याला देवळापासून दूर, फाट्यावर वाहतुकीला उभे केले होते.